स्वित्झर्लंडमध्ये स्वतः गाडी चालवून फिरायचंय: रूट, घाट आणि रस्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ वर्षं आम्ही झुरिकजवळ राहतोय आणि दर उन्हाळ्यात पुणे, नाशिक, ठाण्याहून कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर परत परत येतात. म्हणून एकदाच नीट बसून सगळं लिहून काढलं. गाडी मी पुण्यात शिकले, हात बसला तो ताम्हिणी आणि वरंध्याच्या घाटात, आणि आता इथले घाट दरवर्षी करते. माझं मत आधीच सांगते, इथे रूट किलोमीटरवर आखायचा नाही, घाटावर आखायचा. कुठला घाट, तो उघडा आहे का, आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठेवलेलं नाहीये ना, एवढं ठरलं की बाकीचं आपोआप बसतं.

तिथल्या ट्रेन इतक्या भारी आहेत, मग गाडी घ्यायचीच कशाला?

खरं सांगू का, झुरिक, लुझर्न, इंटरलाकेन आणि युंगफ्राउयोख एवढंच करायचं असेल तर गाडी घेऊच नका. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे आणि तिथे गाडी जातच नाही, ग्रिंडेलवाल्ड किंवा लाउटरब्रुनेनला पार्क करून पुढे केबल कार किंवा ट्रेनच धरावी लागते. गाडीची मजा आहे ती घाटांसाठी, म्हणजे मनाला वाटेल तिथे थांबता येतं, आजीला चढउतार नको असेल तर गाडीतून उतरल्या उतरल्या समोर हिमनदी दिसते, लहान पोरं झोपली तर झोपू देता येतं. मी पाहुण्यांना बहुतेक वेळा हेच सांगते की शहरं ट्रेनने करा आणि मधले चार-पाच दिवस गाडी भाड्याने घ्या. झुरिक शहरात गाडी घेऊन फिरणं म्हणजे ट्राम, एकेरी रस्ते आणि महागडं पार्किंग, त्यात काही अर्थ नाही.

आम्हाला मे महिन्याच्या सुट्टीतच जमतं, चालेल का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि इथेच सगळ्यात जास्त लोकांचा हिरमोड होतो. आपल्याकडच्या दोन मोठ्या सुट्ट्या म्हणजे मे महिना आणि दिवाळी, आणि नेमके या दोन्ही वेळी इथले उंच घाट एकतर बर्फाखाली असतात किंवा बंद व्हायच्या बेतात असतात. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन, नुफेनेन, क्लाऊसेन हे साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत उघडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला की बंद. तारीख दरवर्षी वेगळी, कारण आधी मशीनने बर्फ कापून रस्ता मोकळा करावा लागतो. जूनच्या सुरुवातीला गेलात तर दोन्ही बाजूला गाडीपेक्षा उंच बर्फाची भिंत असते, ते दृश्य वेगळंच.

मेमध्येच यायचं असेल तर जे घाट बारा महिने चालू ठेवतात त्यांच्यावर रूट आखा. लुझर्नहून इंटरलाकेनला जाताना लागणारा ब्रुनिग छोटासा, हजार मीटरच्या जरासा वर. सिम्प्लॉन २००५ मीटर, युलिअर २२८४, बर्निना २३२८ आणि मालोया १८१५. यातले शेवटचे तिन्ही पूर्वेकडे एंगाडिन खोऱ्यात जवळजवळ आहेत, तीन-चार दिवस तिकडेच राहिलं तरी समाधान होतं. चालू असतात म्हणजे जोरदार बर्फात एखाद दिवस बंद होत नाहीत असं नाही हं.

सुट्टीचा प्रश्न नसेल तर डोळे झाकून जूनचा शेवट ते सप्टेंबर. त्यातही माझा आवडता सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, गर्दी कमी होते, हवा स्वच्छ असते आणि वरच्या कुरणांवरच्या गाई डोक्याला फुलं बांधून, गळ्यात मोठ्या घंटा घालून खाली गावात येतात, तेव्हा रस्ता अर्धा तास अडला तरी कोणी हॉर्न वाजवत नाही. आपल्या बैलपोळ्याची आठवण येते अगदी.

रूट आखायला सुरुवात कुठून करू?

कागदावर आधी घाट मांडा, हॉटेलं नंतर. आपल्याकडे आपण म्हणतो पुणे-महाबळेश्वर १२० किलोमीटर, तीन तास, झालं. इथे तसा हिशोब मोटरवेवर जमतो, घाटात नाही. घाटाच्या रस्त्यावर मी तासाला ४० किलोमीटर धरते, आणि त्यावर थांबायचा वेळ वेगळा. लोक सुरुवातीला तीन घाट, एक धबधबा, एक चीज फॅक्टरी आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात हॉटेल असा दिवस आखतात आणि मग संध्याकाळी सगळेच एकमेकांवर वैतागलेले असतात. घाटाच्या दिवशी सामान हलवायचं नाही, हा माझा नियम. एका गावात तीन-चार रात्री राहा, सकाळी रिकामी गाडी घेऊन निघा, गोल फिरून त्याच गावात परत या.

तळ कुठे ठोकायचा? मध्य आल्प्ससाठी मायरिंगेन, इंटरलाकेनच्या आसपासची गावं किंवा आंडरमाट. आंडरमाट साधारण १४४० मीटरवर आहे आणि तिथून चारही दिशांना रस्ते फुटतात, पूर्वेला ओबरआल्प, पश्चिमेला फुर्का, दक्षिणेला गॉटहार्डचा घाट आणि उत्तरेला शोलेनेनची खिंड. खिंडीत सैतानाचा पूल आहे. गोष्ट अशी सांगतात की पूल बांधून देतो पण पहिला जो ओलांडेल तो माझा, अशी सैतानाने अट घातली आणि गावकऱ्यांनी पुढे बोकड सोडला. लहान मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट पुलावर उभं राहूनच सांगा.

पहिल्यांदाच जातोय, एकच दिवस घाटाला देऊ शकतो. कुठला करू?

ग्रिम्सेल, फुर्का, सुस्टेन असा गोल. तीन घाट झाले आणि मी वर तर म्हटलं तीन करू नका, पण हे तिन्ही एकाच गोलात सलग आहेत, मधे दुसरं काहीच ठेवायचं नाही. मायरिंगेनजवळच्या इनर्टकिर्शेनहून निघून परत तिथेच यायला साधारण १२० किलोमीटर. न थांबता तीन तास लागतील, पण न थांबता कोणी करत नाही, अख्खा दिवस धरा आणि आठच्या आत निघा. दहानंतर मोटारसायकलवाले, सायकलवाले, कॅम्पर व्हॅन सगळे येतात.

आधी ग्रिम्सेल, २१६४ मीटर. चढताना धरणं लागतात, पाणी हिरवट-करड्या रंगाचं, कारण हिमनदीने दळलेलं दगडाचं पीठ त्यात असतं. वर माथ्यावर टोटेनझे नावाचं तळं आहे. तिथून उतरायला लागलात की समोरच्या डोंगरावर फुर्काची वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात, इथे थांबायला जागा आहे, थांबाच. खाली ग्लेच नावाचं इवलंसं ठिकाण, तिथून लगेच फुर्काची चढण.

फुर्का २४२९ मीटर. चढाच्या वरच्या टप्प्यात एका वळणाच्या कुशीत जुनं हॉटेल आहे, बेल्वेडेर, बरीच वर्षं बंद आहे, पण गाड्या तिथेच थांबतात कारण शेजारी रोनची हिमनदी आहे. माझे सासरे तिथे पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा म्हणाले, अगं पण हिमनदी कुठाय? कारण समोर होतं तळं, करडा खडक आणि बर्फावर अंथरलेली पांढरी कापडं. उन्हाळ्यात बर्फ वितळू नये म्हणून ही कापडं घालतात. १९व्या शतकात हीच हिमनदी जवळपास खाली ग्लेचपर्यंत पोचायची. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण इथे आल्यावर मन जरा जड होतं आणि व्हायलाच हवं.

पण त्याच जागी एक फार सुंदर गोष्टही आहे. फुर्काच्या पश्चिमेचं पाणी रोन नदी होऊन जिनिव्हाच्या तळ्यातून भूमध्य समुद्राला जातं आणि माथा ओलांडला की पूर्वेचं पाणी रॉइस, मग आरे, मग ऱ्हाइन करत करत नॉर्थ समुद्राला. आई म्हणाली, आपल्या महाबळेश्वरसारखंच की, कृष्णा एकीकडे आणि सावित्री दुसरीकडे.

फुर्काचा पूर्वेचा उतार, माथ्यापासून रेआल्पपर्यंत, हा सगळ्यात अरुंद भाग. कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, नुसते ओळीने दगडी खांब. सावकाश जा, मागे कोणी चिकटला तर रुंद जागा बघून त्याला पुढे जाऊ द्या. मग आंडरमाटला जेवण, शोलेनेनमधून खाली वासेन आणि तिथून डावीकडे सुस्टेन, २२२४ मीटर. हा रस्ता १९३८ ते १९४५ मध्ये मुद्दाम मोटारींसाठी आखून बांधला, त्यामुळे वळणं मोठी, चढ एकसारखा, हात थकलेले असताना शेवटी हाच घाट यावा असं मला वाटतं. माथ्यावरच्या छोट्या बोगद्यातून बाहेर पडून थोडं उतरलं की स्टाइन हिमनदी समोर येते. संध्याकाळचं ऊन तिच्यावर असतं.

गूगल मॅप्सवर भरवसा ठेवावा का?

मोटरवेवर ठेवा, घाटात आंधळेपणाने ठेवू नका. आमच्या पहिल्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर आईबाबांना घेऊन फुर्काला निघालो, मॅप रस्ता दाखवत होता, खाली छान ऊन होतं. आंडरमाटच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला मोठा बोर्ड असतो, त्यावर आजूबाजूच्या सगळ्या घाटांची नावं आणि प्रत्येकापुढे हिरवी नाहीतर लाल पट्टी. फुर्कापुढे लाल. रात्रीत वर बर्फ पडला होता. त्या दिवसापासून निघायच्या आधी सकाळी पहिलं काम म्हणजे घाटाची स्थिती बघणं. हिरवं म्हणजे उघडा, बोर्डवर भागाप्रमाणे ऑफन, ऊव्हेर किंवा आपेर्तो लिहिलेलं असतं. लाल म्हणजे बंद, गेश्लोसेन, फेर्मे, किउजो. हे सहा शब्द पाठच करा.

दुसरं म्हणजे मॅप कधी कधी गुपचूप कार ट्रेनवरून (गाडी ट्रेनवर चढवून नेतात ती, पुढे सांगते) रूट काढतो आणि वेळ भलताच कमी दाखवतो, म्हणून रूट झूम करून नीट बघा. आणि काही रस्ते खाजगी गाड्यांना बंदच असतात, उदाहरणार्थ मायरिंगेनहून ग्रोसे शायडेगवरून थेट ग्रिंडेलवाल्डला उतरता येत नाही, तिथे फक्त बस आणि सायकली. नकाशावर रस्ता आहे म्हणून आत शिरू नका.

कार ट्रेन म्हणजे नक्की काय?

गाडी ट्रेनच्या सपाट डब्यावर चढवायची, हँडब्रेक लावायचा, गिअरमध्ये ठेवायची, इंजिन बंद करायचं आणि गाडीतच बसून राहायचं. बोगद्यातून पलीकडे निघालात की पुढून उतरायचं. इतकं सोपं आहे. लॉचबर्गची ट्रेन कांडरस्टेग ते गोपेनस्टाइन, साधारण वीस मिनिटं, इंटरलाकेनकडून झरमाटच्या बाजूला जायला हीच. बोगदा १९१३ पासून चालू आहे. फुर्काची ट्रेन रेआल्प ते ओबरवाल्ड, घाट बंद असला तरी ही चालते, त्या ऑक्टोबरात आम्ही हिच्यातूनच गेलो आणि बाबांना घाटापेक्षा याचंच जास्त कौतुक. पूर्वेला क्लोस्टर्सजवळून फेराइनाची, बोगदा १९ किलोमीटरचा. डब्यावर गाडी चढवताना बाजूला जागा कमी वाटते, आरसे सांभाळा आणि समोरचा माणूस हाताने सांगेल तेवढंच पुढे जा.

गॉटहार्डच्या बोगद्यात तासनतास अडकतात म्हणे?

हो, पण रोज नाही. बोगदा जवळपास १७ किलोमीटरचा, १९८० साली सुरू झाला, आणि त्यात येणारी-जाणारी एकेकच लेन, एकाच नळीत समोरासमोर. दुसरी नळी खोदायचं काम चालू आहे. २००१ मध्ये आत दोन ट्रकची टक्कर होऊन आग लागली आणि अकरा जण गेले, तेव्हापासून आत एका वेळी किती गाड्या सोडायच्या यावर कडक लक्ष असतं, म्हणून बाहेर रांग लागते. ईस्टर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले शुक्रवार-शनिवार दक्षिणेला जाताना टाळा. दहा किलोमीटरची रांग म्हणजे दीड-पावणेदोन तास गेले समजा. उन्हाळ्यात सरळ घाटावरून जा, २१०६ मीटर, आणि वेळ असेल तर दक्षिणेच्या उताराला ट्रेमोलाचा जुना रस्ता घ्या, दगडी फरशीचा, चोवीस वळणांचा. पावसात मात्र तो निसरडा होतो, तेव्हा नवीन रस्ताच बरा.

विन्येट काय असतं, टोल किती लागतो?

आपल्यासारखे टोलनाके नाहीत. मोटरवे वापरायला वर्षाचं एक विन्येट, ४० फ्रँक, आठवड्याचं वगैरे मिळत नाही. आदल्या १ डिसेंबरपासून पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत चालतं. काचेवर स्टिकर किंवा २०२३ पासून ई-विन्येट, जे नंबर प्लेटला जोडलेलं असतं. नसेल तर २०० फ्रँक दंड आणि वर विन्येटचे पैसे वेगळे. ऑनलाइन घ्यायचं तर स्विस सरकारच्या कस्टम्स खात्याच्या साइटवरूनच घ्या, मधले दलाल वर पैसे लावतात.

स्वित्झर्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीला ते असतंच. पण बाझेल आणि जिनिव्हा विमानतळाला फ्रेंच बाजू वेगळी आहे, तिकडून घेतलेल्या गाडीला बहुतेक वेळा नसतं. आमच्या एका पाहुण्यांना स्वस्त पडली म्हणून फ्रेंच बाजूने गाडी घेतली आणि काउंटरवर कोणी काही बोललं नाही, नशिबाने निघायच्या आधी मला काचेचा फोटो पाठवला म्हणून लक्षात आलं. ग्रिम्सेल, फुर्का, सुस्टेनच्या त्या गोलाला मात्र विन्येट लागत नाही आणि टोलही नाही.

भारतीय लायसन्स चालतं का?

चालतं, पर्यटक म्हणून. आपल्या स्मार्ट कार्डावर इंग्रजीत असतं त्यामुळे वाचता येतं. तरी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढूनच या, वर्षभर चालतं, भाड्याने गाडी देणारे पुष्कळदा मागतात आणि काउंटरवर दहा तासांच्या प्रवासानंतर वाद घालायची कोणाची ताकद नसते. मूळ लायसन्सही बरोबर हवंच. क्रेडिट कार्ड जो चालवणार त्याच्याच नावाचं लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं लिहा, रस्त्याची बाजू उलटी असताना गिअरचा हातही बदलतो, पहिल्यांदा येणाऱ्याला मी ऑटोमॅटिकच सांगते, जास्त पैसे गेले तरी चालतील.

उजव्या बाजूने चालवायची सवय व्हायला किती वेळ लागतो?

सरळ रस्त्यावर अर्धा तास. चूक होते ती पेट्रोल पंपावरून किंवा पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना, तेव्हा शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, आमच्याकडे ही ड्युटी ठरलेली असते. गावातल्या छोट्या चौकात बोर्ड नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात आत असलेल्याला. आणि पिवळ्या पट्ट्यांवर माणूस नुसता उभा दिसला तरी थांबायचं, तो चालायला लागेपर्यंत वाट बघायची नाही, आपल्या लोकांकडून हे पटकन होत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे, मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावायचा, आणि बारा वर्षांखालच्या, १५० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना सीट किंवा बूस्टर लागतोच, मांडीवर घेऊन बसणं अजिबात नाही.

अरुंद घाटात समोरून बस आली तर?

ती पिवळी बस पोस्टाची. निळ्या चौकोनावर पिवळी तुतारी काढलेला बोर्ड दिसला की समजायचं की या रस्त्यावर बसचा मान पहिला, आणि तिचा ड्रायव्हर सांगेल तसं करायचं, कायद्यानेच. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न देते. फुर्काच्या त्या अरुंद भागात मी एकदा वळणाच्या तोंडाशी होते आणि वरून तो हॉर्न आला, मी जागच्या जागी थांबले, बस आली, ड्रायव्हरने शांतपणे दोन बोटं मागे केली, मी पंधराएक फूट मागे घेतली, त्याने आरसा बघत बघत बस काढली आणि हात वर करून गेला. घाबरायचं कारण नसतं, तो रोज तेच करतो. तुम्ही फक्त कडेला घुसून बसू नका, तो सांगेल तिथेच थांबा.

बाकी गाड्यांचं म्हणाल तर आपल्या घाटासारखंच, चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने मागे घ्यायची, चढणाऱ्याच्या अगदी मागेच जागा असेल तर गोष्ट वेगळी.

उतारावर ब्रेक तापतात का?

तापतात, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काका सुस्टेनवरून वासेनच्या बाजूला उतरत होते, ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये, पाय सतत ब्रेकवर. आधी जळकट वास आला, क्लच जळाल्यासारखा, मग पुढच्या चाकातून निळसर धूर. पहिली रुंद जागा आली तिथे थांबवली आणि अर्धा-पाऊण तास नुसते बसून राहिलो, पाणी बिणी काही ओतलं नाही, तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतू नये. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे आपले जुने एसटी ड्रायव्हर सांगायचे तेच इथेही खरं आहे. ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोड किंवा बी, एल असं काहीतरी असतं, ते गाडी घेतानाच विचारून घ्या. ब्रेक मारायचा तो वळणाआधी थोडा वेळ आणि जोरात, मग पाय पूर्ण काढायचा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर उतारावर बॅटरीच भरते, तिला हा त्रास कमी, मात्र बॅटरी आधीच फुल भरून माथ्यावरून उतरायला घेऊ नका.

स्पीड आणि दंडाचं काय?

गावात ५०, बऱ्याच वस्त्यांमध्ये ३०, गावाबाहेर ८०, मोटरवेवर १२०. इथे मोटरवेचे बोर्ड हिरवे आणि साध्या मोठ्या रस्त्यांचे निळे, जर्मनीत मोटरवेचेच बोर्ड निळे असतात, त्यामुळे जर्मनीहून येणारे इथे हमखास गोंधळतात. कॅमेरे पुष्कळ. गावात सहा ते दहा किलोमीटर जास्त गेलात तर १२० फ्रँक, अकरा ते पंधरा जास्त तर २५०, आणि गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे कापते. कॅमेऱ्याची आधी सूचना देणारं ॲप किंवा यंत्र वापरणं इथे बेकायदेशीर आहे, फोनमध्ये तसली सेटिंग असेल तर बंद करा. घाटात ८० ची परवानगी आहे म्हणजे ८० ने जायचं असं कुठेही नाही. रक्तातल्या दारूची मर्यादा दर हजारी ०.५, पण मी म्हणेन चालवणाऱ्याने घेऊच नये, इथल्या वळणांना पूर्ण डोकं लागतं.

पार्किंग कसं करायचं? झरमाटला गाडी नेता येते का?

झरमाटला नाही. टेशला पार्क करायची आणि पुढे बारा मिनिटांची ट्रेन. वेंगेन आणि म्युरेनलाही गाडी जात नाही, सास-फेला गावाच्या तोंडाशीच ठेवावी लागते. अशा गावातलं हॉटेल बुक केलं असेल तर एका रात्रीपुरती छोटी बॅग वेगळी भरा, चार मोठ्या बॅगा ओढत ट्रेनमध्ये चढण्यात शहाणपण नाही.

पांढऱ्या रेषांची जागा बहुतेक पैसे भरून, पिवळी खाजगी, तिथे पाच मिनिटंही नको. निळ्या रेषेला तबकडी लागते, ती गाडीच्या कप्प्यात असते. आलेल्या वेळेच्या पुढच्या अर्ध्या तासावर बाण लावायचा आणि तिथून एक तास मिळतो, म्हणजे १० वाजून १० मिनिटांनी आलात तर साडेदहावर बाण, साडेअकरापर्यंत गाडी. दिसेल अशी पुढच्या काचेखाली ठेवा.

मुलांना आणि आजीला गाडी लागते, घाट झेपेल का?

झेपतो, फक्त रिकाम्या पोटी नाही आणि ठासून भरूनही नाही. आलेपाक, आवळा सुपारी, लिंबू जवळ ठेवा, फोन हातातून काढून घ्या, दर पाऊण तासाने उतरवा. ज्यांना जास्त त्रास होतो त्यांना पुढे बसवा. आणि कपडे. इंटरलाकेन ५७० मीटरवर, फुर्का २४२९ वर, म्हणजे खाली २५ अंश असतील तर वर बारा-तेरा आणि वरून वारा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात असा हिशोब धरा. जॅकेट डिकीत खाली दाबून ठेवू नका, मागच्या सीटवर हवं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा.

पेट्रोल, खाणं, रविवार?

पेट्रोल घाटाखालीच भरा, वर पंपाची आशा नको. छोट्या गावात पंपावर माणूस नसतो, कार्ड घालून स्वतः भरायचं, पिन पाठ हवा. रविवारी दुकानं बंद, स्टेशनवरची आणि मोटरवेवरची चालू. शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, दही, फळं घेऊन ठेवा. आम्ही थेपले, दाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेतो, माथ्यावर गाडीच्या बॉनेटवर ताट मांडून जेवण, चौघांच्या हॉटेलच्या बिलात एका घाटाचं पेट्रोल निघतं.

शेजारच्या देशात जायचं असेल तर?

गाडी घेतानाच सांगा, परवानगी आणि कधी कधी जादा पैसे लागतात. ऑस्ट्रियाचं विन्येट वेगळं, इटली आणि फ्रान्सला मोटरवेवर अंतराप्रमाणे टोल. इटलीत जुन्या शहरांच्या मध्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, वर कॅमेरा असतो, मिलानमध्ये वगैरे हॉटेलला आधी विचारल्याशिवाय आत शिरू नका. एंगाडिनपर्यंत गेलातच तर उंब्राइल घाटावरून, २५०१ मीटर, इटलीतल्या स्टेल्वियोला जाता येतं, २७५७ मीटर आणि उतरायला अठ्ठेचाळीस हेअरपिन. पण तो पहिल्याच ट्रिपला करू नका, आधी दोन-तीन घाट हाताखालून जाऊ द्या.

काही झालं तर कोणाला फोन?

पोलीस ११७, ॲम्ब्युलन्स १४४, आग ११८, काहीच आठवलं नाही तर ११२. गाडी बंद पडली तर आधी भाड्याच्या कागदावरचा नंबर लावा. लाल त्रिकोण सीटजवळ, हाताला येईल असा ठेवा, बॅगांखाली नको.

आणि नेमका घाटाच्या दिवशी पाऊस आला तर?

दिवस बदला, म्हणूनच तर एका गावात तीन-चार रात्री राहायचं. बहुतेक घाटांच्या माथ्यावर वेबकॅम आहेत, सकाळी चहा घेताना बघून घ्या, खाली ढग असले तरी माथा कधी कधी ढगांच्या वर निघालेला असतो. सगळीकडे पांढरंच दिसत असेल तर वर जाण्यात काही अर्थ नाही, दरी दिसत नाही आणि समोरची सायकलही दिसत नाही. अशा वेळी आम्ही दक्षिणेला पळतो. आल्प्सच्या उत्तरेला पाऊस अडला की पलीकडे तिचिनोत पुष्कळदा कोरडं असतं. गेल्या जुलैत बहीण आली होती, गॉटहार्डच्या बोगद्याच्या अलीकडे गोशेनेनला वायपर पूर्ण वेगात, पोरं रडकुंडीला आलेली, मंगळवार होता म्हणून रांग नव्हती, बोगद्यात शिरलो आणि पलीकडे आयरोलोला बाहेर पडलो तर काचेवरचे थेंब उन्हात चमकत होते. दुपारी बेलिंझोनाच्या किल्ल्याच्या तटावर बसून आइस्क्रीम खाल्लं, तीन किल्ले आहेत तिथे एकाच गावात, आणि आपली मराठी पोरं किल्ला दिसल्यावर खाली यायला तयार होईनात.